भांडार आणि दार : एका साध्या इंटरफेसचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी मराठी व्याकरणाचे पहिले धडे घेतले. वाक्य कितीही लांबलचक असो, आधी त्यातले क्रियापद शोधावे, म्हणजे कर्ता आणि कर्म आपोआप हाती लागतात, अशी त्यांची शिकवण होती. त्या शिदोरीवर मी पुढे आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. आज मात्र माझा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकांच्या फाइल-व्यवस्थेवर बोलावे, ही अनधिकार चेष्टा वाटणे स्वाभाविक आहे. माझा अधिकार तंत्रज्ञाचा नाही, हे आरंभीच मान्य करतो. तो नुकसान सोसलेल्या माणसाचा अधिकार आहे.

१९९०च्या दशकात मी बडोद्यातील जुन्या मराठी कुटुंबांच्या बोलीतले शब्द गोळा करीत होतो. स्वयंपाकघरातले, देवघरातले, गुजराती शेजारामुळे रूप पालटलेले असे शेकडो शब्द मी कार्डांवर टिपले होते. पुस्तक छापावयाचे म्हणून ते सारे संगणकावर टंकित करून घेतले, फ्लॉप्या कपाटात जपून ठेवल्या आणि कार्डे, आता त्यांचे काय काम, म्हणून रद्दीत दिली. पुस्तक लांबणीवर पडले. दहा-बारा वर्षांनी त्या फ्लॉप्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हे यांचा ढीग दिसला. भारतीय लिपींसाठी आयएससीआयआय हे प्रमाण १९९१ साली ठरले होते. युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान होते. परंतु छपाईच्या दुकानांतून वापरात असलेल्या टंकांची वर्णक्रमांकांची योजना ज्याची त्याची स्वतंत्र होती. ज्या सॉफ्टवेअरने ते लिहिले, त्यालाच ते वाचता येत होते. आणि ते सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर चाले, ते यंत्र केव्हाच भंगारात गेले होते.

श्रोतेहो, त्या फ्लॉप्या शाबूत होत्या. त्यांवरचा एकही अंक पुसला गेला नव्हता. शब्द हरवले नव्हते. शब्दांपर्यंत जाण्याचे दार हरवले होते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला, जो आज संगणकक्षेत्रात आहे, मी हे दुःख सांगितले. तो म्हणाला की, हाच प्रश्न जगातल्या सर्वांत मोठ्या माहिती-भांडारांनाही पडला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात मोठमोठ्या अभियंत्यांची वर्षे खर्ची पडली. त्याने सांगितलेल्या कथेचा मी पुढे यथाशक्ति अभ्यास केला. तीच आज आपल्यापुढे ठेवतो. भांडार कितीही मोठे असो, त्याचा उपयोग त्याच्या दारावर अवलंबून असतो, आणि दार साधे ठेवणे हे भांडार बांधण्याइतकेच अवघड काम आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१. विसरण्याचा गुण

फाइल म्हणजे काय, हे कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. एका संगणकाच्या पोटात असलेले फाइलींचे कपाट आणि त्यातला अनुक्रम म्हणजे फाइल-व्यवस्था. १९८०च्या दशकात एकेका विद्यापीठात, एकेका कारखान्यात अनेक संगणक तारांनी जोडले गेले आणि एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावरून कशी वाचावी, हा प्रश्न उभा राहिला. त्याची दोन प्रसिद्ध उत्तरे त्याच दशकात निघाली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साह्याने 'अँड्र्यू' प्रकल्प हाती घेतला आणि त्यातून अँड्र्यू फाइल सिस्टिम जन्मास आली. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या विद्यापीठाच्या दोन्ही आश्रयदात्यांचे पहिले नाव एकच, म्हणून प्रकल्पाचे नाव अँड्र्यू. दुसरे उत्तर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचे. १९८५च्या सुमारास तिने नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, लोकांपुढे आणली.

एनएफएसच्या मूळ रचनेतला एक विचार मला फार उद्बोधक वाटतो. फाइली सांभाळणारा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो मागणाऱ्याची कोणतीही आठवण ठेवीत नसे. 'मघाशी होतो तिथून पुढे वाच' असे त्याला सांगून चालत नसे. प्रत्येक मागणीत कोणती फाइल, कोठपासून आणि किती, हे सगळे पुन्हा सांगावे लागे. वरकरणी हा आडमुठेपणा वाटेल. पण त्याचा लाभ असा की, सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर त्याला काही आठवावे लागत नाही. मागणाऱ्याने तीच मागणी पुन्हा करावयाची. काम पुढे चालू. ज्याच्यापाशी आठवण नाही, त्याची आठवण नष्ट होण्याची भीतीही नाही. हा विसरण्याचा गुण पुढच्या कथेत आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

२. एका क्रियापदाची भाषा

दुसरा धागा स्वित्झर्लंडमधला. जिनीव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत नाना देशांचे शास्त्रज्ञ येत, दोन-चार वर्षे काम करीत आणि निघून जात. त्यांची टिपणे वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांवर, वेगवेगळ्या पद्धतींनी साठवलेली असत. माणूस गेला की त्याच्या टिपणांची वाट बंद होई. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने मार्च १९८९ मध्ये संस्थेला एक प्रस्ताव सादर केला आणि १९९०च्या अखेरीस जगातला पहिला वेब-सर्व्हर सर्नमध्ये चालू झाला. मागणारा आणि देणारा यांच्यातील संभाषणाचे जे नियम त्याने ठरवले, त्यांनाच एचटीटीपी म्हणतात.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याने थक्क व्हावे अशी त्या भाषेची पहिली अवस्था होती. १९९१ साली तिच्यात एकच क्रियापद होते : 'गेट', म्हणजे 'आणून दे'. त्यापुढे कागदाचा पत्ता लिहावयाचा. एका ओळीत मागणी संपली. उत्तरादाखल तो कागद यावयाचा आणि संबंध तुटावयाचा. ओळख नाही, नमस्कार नाही, मागची आठवण नाही. एनएफएसमधला तोच विसरण्याचा गुण येथे अधिक शुद्ध रूपात अवतरला. ही भाषा इतकी लहान होती की कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तिचे दुभाषी लिहिणे एखाद्या हुशार विद्यार्थ्यालाही शक्य होते. त्यातच ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भाषा सोपी आणि तिच्यावर कोणाचीही मालकी नाही, या दोन कारणांनी ती दशकभरात जगभर पसरली.

पुढे तिला आणखी क्रियापदे मिळाली. १९९६ साली एचटीटीपीची १.० ही आवृत्ती लेखी नोंदली गेली. १९९७ आणि १९९९ साली १.१ ही आवृत्ती सिद्ध झाली. 'पुट' म्हणजे या पत्त्यावर हे ठेव. 'पोस्ट' म्हणजे हे स्वीकार आणि त्यावर प्रक्रिया कर. 'डिलीट' म्हणजे काढून टाक. यांतला एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'ही फाइल येथे ठेव' अशी आज्ञा दोनदा दिली, तरी फळ एकच. फाइल एकच राहते. 'या वहीत ही ओळ जोड' अशी आज्ञा दोनदा दिली, तर ओळ दोनदा जोडली जाते. तार तुटली, उत्तर पोहोचले नाही, तर आज्ञा बेधडक पुन्हा द्यावी की न द्यावी, हे या भेदावर ठरते. म्हणून पहिल्या जातीसाठी 'पुट' आणि दुसऱ्या जातीसाठी 'पोस्ट' अशी विभागणी आहे. आपल्या वैयाकरणांनी धातूंचे गण पाडले, त्याच जातीचा हा विवेक आहे, असे मला वाटते.

१९९९च्या फेब्रुवारीत 'वेबडॅव्ह' नावाचा एक विस्तार जाहीर झाला. दूरच्या सर्व्हरवर फाइली लिहिणे, हलवणे, त्यांना कुलूप घालणे यांसाठी त्याने एचटीटीपीला सात नवी क्रियापदे दिली. त्यात 'कुलूप लाव' आणि 'कुलूप काढ' अशीही दोन होती. पण कुलूप कोणी लावले आणि ते केव्हापर्यंत राहणार, हे सर्व्हरला लक्षात ठेवावे लागते. म्हणजे विसरण्याचा गुण तेवढ्यापुरता गमवावा लागतो. वेबडॅव्ह आजही वापरात आहे. परंतु नवी क्रियापदे जो जो वाढतात, तो तो प्रत्येक मधल्या दुभाष्याला ती शिकवावी लागतात, हे त्याने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, २००० साली, रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात वेबच्या रचनेची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि तिला 'रेस्ट' हे नाव दिले. तिचे सार गुरुजींच्या भाषेत सांगावयाचे तर असे : क्रियापदे मोजकी आणि सर्वांना समान असावीत, नामे मात्र हवी तितकी असावीत. जगातल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असला, तर थोड्या क्रियापदांत काम भागते.

३. हत्तीच्या नावाचे भांडार

आता भांडाराकडे वळू. इंटरनेटवरची कोट्यवधी पाने साठवून त्यांची सूची करावयाची, तर एक संगणक पुरेसा नव्हे. २००३ साली गूगलच्या घेमावत, गोबिऑफ आणि लियुंग या तिघा अभियंत्यांनी आपल्या फाइल-व्यवस्थेचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. हजारो स्वस्त संगणक घ्यावयाचे, त्यांतले काही रोज बंद पडणार हे गृहीतच धरावयाचे, प्रत्येक फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करावयाचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवावयाच्या. कोणता तुकडा कोठे आहे, याची नोंदवही मात्र एकाच प्रमुख संगणकाकडे. फाइल एकाच ठिकाणी नसून अनेक यंत्रांवर वाटलेली असते, म्हणून या रचनेला वितरित फाइल-व्यवस्था म्हणतात.

तो निबंध वाचून डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी आपल्या 'नच' या मुक्त शोधयंत्रासाठी तशीच व्यवस्था लिहिली. २००६ साली ती स्वतंत्र झाली. कटिंग यांच्या लहान मुलाचा एक पिवळा खेळण्यातला हत्ती होता. त्या हत्तीला मुलाने दिलेले 'हडूप' हे नाव त्यांनी या सॉफ्टवेअरला दिले. याहू कंपनीने त्याला मोठे बळ पुरवले. त्यातल्या फाइल-व्यवस्थेचे नाव एचडीएफएस. नोंदवही सांभाळणाऱ्या संगणकाला तेथे 'नेमनोड' म्हणतात आणि तुकडे सांभाळणाऱ्यांना 'डेटानोड'.

हे भांडार अवाढव्य होते, पण त्याचे दार अरुंद होते. एचडीएफएस जावा या भाषेत लिहिलेले आणि त्याच्याशी बोलण्याचे नियमही त्याचे खासगी. फाइल वाचावयाची तर हडूपचेच जावातले सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर बसवावे लागे. सी भाषेसाठी एक वाट काढलेली होती, परंतु तिच्या पोटातही जावाच होती. आणखी पंचाईत अशी की, आपल्याकडची हडूपची आवृत्ती आणि भांडाराची आवृत्ती जुळली नाही, तर दोघांचे संभाषणच होत नसे. जुन्या भांडारातून नव्या भांडारात माल हलवावयाचा, तर नवे आणि जुने एकमेकांची भाषा समजत नसत. माझ्या फ्लॉपीची कहाणी ती हीच. फरक एवढाच की, येथे हरवण्याची वेळ आलेली वस्तू शेकडो शब्द नव्हती, शेकडो यंत्रांवरचे भांडार होते.

यावर पहिला तोडगा निघाला, तो 'एचएफटीपी' या नावाचा. त्याने भांडाराला एचटीटीपीची खिडकी पाडली. आवृत्ती कोणतीही असो, खिडकीतून फाइल वाचता येऊ लागली आणि एका भांडारातला माल दुसऱ्यात नेता येऊ लागला. परंतु खिडकीतून फक्त आतले बाहेर येई. बाहेरचे आत ठेवता येत नसे. पुरे दार अजून व्हावयाचे होते.

४. पत्ता सांगणारा आणि आणून देणारा

ते दार २०११ साली झाले. त्याचे नाव 'वेबएचडीएफएस'. डिसेंबर २०११ मध्ये निघालेल्या हडूपच्या १.० या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. त्याची रचना पाहिली की, साधेपणासाठी किती विचार करावा लागतो, हे कळते.

प्रथम नामे. भांडारातल्या प्रत्येक फाइलचा जो मार्ग, तोच तिचा वेबवरचा पत्ता झाला. पत्त्याच्या आरंभी 'व्ही-१' अशी आवृत्तीची खूण घातली. भांडाराच्या पोटात पुढे कितीही बदल झाले, तरी दारावरची ही पाटी तीच राहिली. मग क्रियापदे. फाइल-व्यवस्थेत कृती पुष्कळ असतात : उघडणे, यादी पाहणे, नवी फोल्डर करणे, नाव बदलणे, जोडणे, पुसणे. वेबडॅव्हप्रमाणे प्रत्येकीसाठी नवे क्रियापद न घडवता, रचनाकारांनी एचटीटीपीची जुनी चारच क्रियापदे घेतली आणि कृतीचे नाव पत्त्याच्या शेवटी विशेषणासारखे जोडले. वाचणे आणि यादी पाहणे 'गेट'खाली, नाव बदलणे आणि नवी फाइल करणे 'पुट'खाली, पुसणे 'डिलीट'खाली. फाइलच्या शेवटी मजकूर जोडणे मात्र 'पोस्ट'खाली, कारण ते दोनदा झाले तर फळ बदलते. मघाचा व्याकरणातला विवेक येथे असा उपयोगी पडला. फाइलींची यादी किंवा तपशील मागितला, तर उत्तर साध्या अक्षरांत येते : मालक कोण, लांबी किती, प्रती किती, शेवटचा बदल केव्हाचा. माणसाच्या डोळ्यांनाही ते वाचता येते.

आता मुख्य अडचण पाहा. दारावर नेमनोड बसलेला. त्याच्याजवळ नोंदवही आहे, माल नाही. सगळा माल त्याच्या हातून जाऊ लागला, तर हजारो यंत्रांचे भांडार एका माणसाच्या ओंजळीने रिकामे करण्यासारखे होईल. म्हणून वेबएचडीएफएसने असे केले की, 'ही फाइल दे' म्हणून कोणी आले, तर नेमनोड फाइल देत नाही. अमक्या डेटानोडकडे जा, असे सांगतो. एचटीटीपीत अशा उत्तरासाठी क्रमांकच आहे, ३०७ : तात्पुरते दुसरीकडे वळा. मागणारा त्या पत्त्यावर जातो आणि माल थेट तेथून घेतो. फाइलचे बाकीचे तुकडे आणखी कोठे असतील, तर ते गोळा करून देण्याचे काम तो डेटानोड करतो. मागणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

फाइल ठेवताना हीच रीत अवघड झाली. फाइल घेऊन आलेला माणूस दाराशीच सगळे ओझे ओतू लागला, तर त्याला वळवणार केव्हा? यासाठी एचटीटीपी १.१ मध्ये एक सोय होती. आधी नुसते विचारावयाचे, 'माल आणू का?' आणि होकार आल्यावरच तो पाठवावयाचा. परंतु त्या काळी वापरात असलेल्या जावाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नीट काम करीत नसे. तेव्हा रचनाकारांनी दोन पावलांची पद्धत घातली. पहिल्या पावलाला रिकाम्या हाताने यावयाचे आणि पत्ता विचारावयाचा. दुसऱ्या पावलाला माल घेऊन त्या पत्त्यावर जावयाचे. ही तात्पुरती तडजोड आहे, अशी प्रांजळ कबुली त्यांनी माहितीपत्रकातच लिहून ठेवली. तात्पुरती म्हणून केलेली ती तडजोड पुढे या दाराची रीतच होऊन बसली. इतिहासात तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य किती लांब असते, हे आपणांस सांगावयास नको.

त्याच सुमारास दुसरे एक दार तयार झाले : 'एचटीटीपीएफएस'. क्लाउडेरा कंपनीत 'हूप' या नावाने ते आधी तयार झाले होते. त्याची भाषा तीच, क्रियापदे तीच. पण हे दार कोणाला वळवीत नाही. मधे एक स्वतंत्र संगणक बसतो, आत जाऊन फाइल आणतो आणि दाराशी हातात देतो. सगळा माल त्या एकातून जात असल्याने वेग कमी होतो. पण जेथे सुरक्षेसाठी भांडाराभोवती भिंत असते आणि बाहेरच्याला आतल्या प्रत्येक डेटानोडपर्यंत जाऊ देणे धोक्याचे असते, तेथे हेच दार सोयीचे.

आपण बडोदेकरांना हा भेद समजावयास अवघड नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले आणि आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले : शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावी वाचनालये आणि जेथे वाचनालय नाही तेथे पेट्यांतून फिरणारे ग्रंथ. ग्रंथालयाच्या दोन रीती आपण पाहिल्या आहेत. एकीत सूची पाहून वाचक स्वतः मांडणीपाशी जातो. दुसरीत वाचक चिठ्ठी देतो आणि सेवक पुस्तक आणून देतो. पहिलीत गर्दी होत नाही, पण वाचकाला आत सोडावे लागते. दुसरीत मांडणी सुरक्षित राहते, पण चिठ्ठ्यांची रांग लागते. तुलना येथपर्यंतच खरी, पुढे ताणू नये. तथापि दोन्ही रीतींत चिठ्ठी लिहिण्याची पद्धत एकच ठेवली, म्हणजे वाचकाला नवे काही शिकावे लागत नाही, हे शहाणपण दोन्हीकडे समान आहे.

याच काळात आणखी एका भांडाराने साधेपणा टोकास नेला. ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी 'एस-३' ही साठवणीची सेवा सुरू केली. तिच्या सामान्य साठ्यात खरे फोल्डरच नाहीत. वस्तूच्या नावातली तिरकी रेघ फोल्डरचा नुसता भास निर्माण करते. सामान्य साठ्यात फाइलीला जोडणे नाही, नाव बदलणे नाही. नाव बदलावयाचे तर नव्या नावाने प्रत करावयाची आणि जुनी पुसावयाची. पुष्कळ वर्षे तेथे आणखी एक गैरसोय होती : नुकतीच बदललेली वस्तू मागितली, तर कधीकधी जुनीच हाती येई. डिसेंबर २०२० मध्ये तो दोष दूर करण्यात आला. म्हणजे साधेपणाची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजतच असतो. दार साधे झाले की, अवघड काम एक तर भांडाराच्या पोटात जाते किंवा येणाऱ्याच्या डोक्यावर बसते. ते कोठे जावे, हे ठरवणे हाच रचनाकाराचा खरा विवेक.

५. उघडे दार

श्रोतेहो, येथवर मी साधेपणाची स्तुती केली. तिची दुसरी बाजू न सांगणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल.

हडूपचा जन्म एकाच संस्थेतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांत झाला. त्यामुळे आरंभी तो येणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवीत असे. वेबएचडीएफएसमध्येही, सुरक्षेची व्यवस्था चालू केली नसेल, तर पत्त्यात 'मी अमुक' असे लिहावयाचे आणि भांडार ते खरे मानावयाचे. ओळख पटवणाऱ्या 'कर्बेरॉस' या पद्धतीची जोड २००९-१०च्या सुमारास याहूच्या अभियंत्यांनी हडूपला दिली होती. पण ती बसवणे कटकटीचे, म्हणून अनेकांनी ती बसवलीच नाही. जोवर भांडार संस्थेच्या भिंतीआड होते, तोवर हे चालून गेले. पुढे तशीच भांडारे इंटरनेटवर उघडी राहू लागली. २०१७च्या जानेवारीत अशा उघड्या हडूप भांडारांत शिरून परक्यांनी त्यांतली माहिती पुसून टाकल्याच्या घटना उघडकीस आल्या. कुलूप फोडावे लागले नाही, कारण कुलूप नव्हतेच. कोणालाही समजेल अशी भाषा चोरालाही समजते.

याचा अर्थ दार अरुंद असावे असा नव्हे. अरुंद दाराने माझे शब्द गेले; उघड्या दाराने दुसऱ्यांची माहिती गेली. दार रुंद असावे, ओळखीचे असावे आणि त्यावर उंबरठा असावा. आत कोण येतो हे विचारणे, आणि आत कसे यावे हे अवघड करून ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सावधगिरी आहे. दुसरी, बहुतेक वेळा, आळस किंवा मालकीहक्काचा हव्यास असतो.

६. आपल्या शाळेचे कपाट

समारोपाकडे येतो. वेबवरच्या पत्त्यात देवनागरी नाव लिहिले, तर काय होते, हे मी कुतूहलाने पाहिले. 'बडोदे' या शब्दात अक्षरे तीनच. पण युनिकोडच्या हिशेबाने ब, ड, ओकार, द आणि एकार अशी पाच चिन्हे. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा बाइट. आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांनी लिहावा लागतो. एकूण पंचेचाळीस चिन्हे झाली. पडद्यावर ते पाहून प्रथम मला माझ्या फ्लॉपीवरच्या ढिगाऱ्याचीच आठवण झाली. पण भेद मोठा आहे. तो ढिगारा एकाच सॉफ्टवेअरला वाचता येई. ही पंचेचाळीस चिन्हे ठरलेल्या, जाहीर आणि सर्वांच्या मालकीच्या नियमांनी लिहिलेली असल्यामुळे जगातले कोणतेही यंत्र त्यांतून पुन्हा 'बडोदे' वाचू शकते. लांबी वाढली, पण वाट राहिली.

आपल्या शाळेची जुनी वार्षिके, हजेरीपत्रके, गुरुजींच्या हस्ताक्षरातली टाचणे यांची छायाचित्रे घेऊन संगणकात ठेवण्याचे काम काही माजी विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. महाराष्ट्राबाहेर शतकाहून अधिक काळ नांदलेल्या आपल्यासारख्या समाजाची स्मृती सरकारी दप्तरांत थोडी आणि अशा कपाटांत पुष्कळ असते. त्या कार्यकर्त्यांना एका म्हाताऱ्या मास्तराची विनंती आहे. साठवण किती मोठी, यंत्र किती नवे, हे विचारण्याआधी तिचे दार कसे आहे, हे विचारा. ज्या सॉफ्टवेअरने ती ठेवली, ते उद्या नाहीसे झाले, तर दुसऱ्याला ती उघडता येईल काय? प्रत्येक वस्तूला स्वतःचा, न बदलणारा पत्ता आहे काय? प्रती एकाहून अधिक ठिकाणी आहेत काय? पुसण्याचा अधिकार कोणाला, हे ठरले आहे काय? आणि मूळ कागद, श्रोतेहो, कृपा करून रद्दीत देऊ नका. ती चूक एकाने केली, तेवढी पुरे.

माझ्या शब्दांपैकी थोडे परत मिळाले. त्या माजी विद्यार्थ्याने जुन्या टंकाचे कोष्टक शोधून काही फाइली युनिकोडमध्ये आणल्या. काहींच्या बाबतीत ते साधले नाही. ज्या आजीबाईंनी ते शब्द मला सांगितले, त्या आता हयात नाहीत. पुन्हा विचारावयास दार उरलेले नाही. जे शब्द परत आले, ते मी या वर्षी शाळेच्या स्वाधीन करीत आहे : कागदावर एक प्रत आणि उघड्या, सर्वमान्य लिपीत एक प्रत.

वाक्यात आधी क्रियापद शोधावे, असे गुरुजी सांगत. भांडाराच्या बाबतीतही मला तेच म्हणावयाचे आहे. आत काय काय साठवले, ही झाली नामांची यादी. 'आणून दे' असे कोणी म्हटले, तर ते मिळते की नाही, यावर त्या यादीचा अर्थ अवलंबून आहे.